कढईभर खिमा-भात आणि पाण्याचा हिशेब

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही गंगाखेडला राहतो. आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी घरात सहा माणसे आहेत. पत्नीची रविवारी दुपारपाळी असल्यामुळे त्या रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि मटणाचा भाव पाहता पाव किलो खिम्यावर भागवावे लागते. खिमा आणि तांदूळ मी एकाच लोखंडी कढईत शिजवतो. पाणी तांदळाच्या दुप्पट, मोजून घालतो आणि दाटपणासाठी दोन चमचे येसरही टाकतो. तरीही भात वरून गिचका होतो, तळाला करपतो आणि खिम्याच्या गुठळ्या राहतात. माझे कुठे चुकते? आणि पाव किलोत सहा जणांचे खरोखर भागेल का?
— एक वाचक, गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : दादा, आधी येसराविषयी लिहिते, कारण करपण्याचे मूळ बहुधा तिथेच आहे. येसर म्हणजे भाजलेली धान्ये आणि डाळी मसाल्यांसह दळून केलेले पीठ, आणि त्याचे काम पातळ आमटीला दाटपणा देण्याचे. झाकणाखाली मंद आचेवर शिजणाऱ्या भातात ते तळाशी बसते आणि कढईला धरून जळते. भातात केवळ काळा मसाला घाला. दोन लहान चमचे पुरेसे होतात.

गिचक्याचे कारण मात्र वेगळे आहे. तुम्ही पाणी मोजता, पण खिम्याला सुटलेले पाणी त्या मापात धरलेले नसते. खिमा पूर्ण कोरडा होऊन तेल सुटेपर्यंत परतल्याशिवाय तांदूळ घालायचा नाही, एवढे एक पथ्य पाळले तर पुढचे माप चुकत नाही. म्हणूनच मटणवाल्याकडून मानेचे किंवा खांद्याचे मांस धुऊन घेऊन मगच त्याचा खिमा करून घ्यावा. खिमा झाल्यावर धुतला तर तो पाणी धरून बसतो.

पाव किलोत सहा जणांचे निश्चित भागेल, मात्र सोबतीला अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ हवी. ती दोन तास भिजवावी. तीन वाट्या जुना कोलम, म्हणजे साधारण 400 ग्रॅम तांदूळ, धुऊन अर्धा तास भिजवून निथळून ठेवावा. खिमा वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात अर्धी वाटी गार पाणी घालून हाताने मोकळा करावा. गार खिम्याचा गोळा तापलेल्या तेलात पडला की त्याची बाहेरची बाजू लगेच घट्ट होते आणि आतला भाग तसाच अडकून राहतो. तुमच्या गुठळ्या अशा तयार होतात. दोन कांदे बेताच्या तेलात लालसर परतून, आले-लसूण आणि हळद घालून, त्यावर हा सैल खिमा ओतावा आणि सराट्याने दाबत, फिरवत राहावे. रंग बदलला की भिजलेली डाळ आणि दीड वाटी गरम पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे शिजू द्यावे. बोटांत धरल्यावर डाळ तुटावी, पण तिचे पीठ होऊ नये. या टप्प्यावर टोमॅटो, चिंच किंवा दही घालण्याचा मोह टाळावा, कारण आंबट पदार्थात डाळ लवकर शिजत नाही आणि लोखंडी कढईत आंबटाने रंग काळपट व चव लोखंडासारखी होते. लिंबू ताटात पिळावे.

आता झाकण काढून आच वाढवावी आणि पाणी आटवून खिमा तेल सुटेपर्यंत परतावा. इथे घाई करू नका. या दहा मिनिटांत खिम्याला जो खमंगपणा येतो, तोच पुढे सगळ्या भातात उतरतो आणि थोडे मांस पुष्कळ वाटते. मग मसाला, मीठ आणि तांदूळ घालून दोन मिनिटे हलक्या हाताने परतावे, साडेपाच वाट्या उकळते पाणी ओतावे आणि सराट्याने कढईचा तळ खरवडून घ्यावा. चिकटलेला खमंग थर पाण्यात विरघळतो. तसाच राहिला तर तो जळतो. तांदूळ नवा असेल तर पाणी अर्धी वाटी कमी घ्यावे. पाणी आटून भातावर छिद्रे दिसू लागली की कढईखाली तवा सरकवावा, झाकण घट्ट बसवून बारा मिनिटे अगदी मंद आच ठेवावी, आणि नंतर आच बंद करून पंधरा मिनिटे झाकण उघडू नये.

मांस आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवण्याची रीत आपल्याकडे परकी नाही. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि नांदेड-परभणीकडच्या मुस्लिम घरांतली तहारी आजही याच हिशेबाने शिजते. तुमच्या येसरालाही या जेवणात जागा आहे: भात मुरत असताना मोकळ्या झालेल्या शेगडीवर त्याची पातळ आमटी होते आणि ती भातावर घेतली की वडीलधाऱ्यांनाही घास सहज जातो.

प्रश्न : खिमा आणखी कमी करून सोयाबीनच्या वड्या घालता येतील का? आणि उरलेला भात सकाळी डब्यात चालेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : जरूर घालता येतील, आणि सोयाबीनच्या बाजारपेठेत राहून तुम्ही त्या टाळाव्यात असे मला वाटत नाही. मूठभर बारीक वड्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून, दोनदा धुऊन, घट्ट पिळाव्यात म्हणजे उग्र वास जातो. त्या डाळ शिजल्यानंतर, परतण्याच्या वेळी घालाव्यात. अर्धा खिमा आणि अर्ध्या वड्या यापुढे मी स्वतः जात नाही. त्यापलीकडे मांसाची चव हरवते.

उरलेल्या भाताबाबत मात्र काटेकोर राहावे. शिजवूनही न मरणारे काही जंतू तांदळात असतात आणि कोमट भातात ते झपाट्याने वाढतात. आपल्या उन्हाळ्यात तर रात्रीही हवा पुरेशी गार होत नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत भात कढईतून काढून, पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी पाण्याचा हबका मारून वाफ येईपर्यंत गरम करावा. फ्रिज नसेल तर तांदूळ अडीच वाट्याच घ्यावा आणि पाणी त्याच बेताने कमी करावे, म्हणजे सकाळसाठी काही उरणार नाही.