ड्रम मशीनवरचा केरवा कोरडा का वाटतो?

प्रश्न : ड्रम मशीनवर केरवा बसवला, पण तो कवायतीसारखा वाजतो. स्विंग (एकाआड एक ठोका किंचित उशिरा वाजवण्याची सोय) वाढवूनही फरक पडत नाही. मग यात कला ती कसली? यंत्र नुसते ठोकेच मोजतं ना?

उत्तर : स्विंगने फरक न पडण्याचं कारण बहुधा तुमच्या मांडणीत आहे. आठ मात्रा यंत्राच्या सोळा घरांत (ठोका भरायच्या जागांत) बसवताना आपण 1, 3, 5, 7 अशी विषम घरं भरतो. स्विंग फक्त सम घरं उशिरा वाजवतो, आणि ती तुमच्याकडे रिकामीच आहेत! म्हणून पॅटर्नची लांबी 8 घरं ठेवा, दर घरात एक मात्रा भरा आणि टेम्पो निम्मा करा (100 चा 50), म्हणजे मात्रांचा वेग तोच राहील.

धा गे ना ति न क धि न. डग्ग्याची आस (घुमणारा नाद) 1, 2 आणि 7 वर. तिथे लो कोंगा (यंत्रातला खालच्या सुराचा ड्रम) लावा. चाटीसाठी (तबल्याच्या काठावरच्या बोलांसाठी) हाय कोंगा किंवा रिमशॉट (ड्रमच्या कडेचा ठोका) 1, 3, 5, 8 वर. 4 आणि 7 वर तोच आवाज हळू. सहावा ‘क’ बंद बोल आहे, तिथे आस नकोच. ही जागा भरली की ठेका बिघडलाच म्हणून समजा.

आता स्विंग 54 ते 58 टक्के ठेवा (50 म्हणजे समसमान, काही यंत्रांत मोजणी 0 पासून असते). 50 च्या टेम्पोला दोन मात्रा मिळून 600 मिलिसेकंद होतात. 56 टक्क्यांना दुसरी मात्रा 36 मिलिसेकंद उशिरा येते. कानाला डौल जाणवतो, लय ढळत नाही. 66 ला मात्र चाल थेट तिश्र (तिनाच्या विभागणीची) होते. हे 36 मिलिसेकंद यंत्र ठरवत नाही, तुम्ही ठरवता. कला म्हणतात ती हीच, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : रोलँड 808 या ड्रम मशीनचा आवाज खऱ्या ड्रमसारखा मुळीच नाही. तरी त्याचा एवढा मान का?

उत्तर : त्यात ध्वनिमुद्रित ड्रम नाहीतच, सगळे आवाज सर्किटमधून घडतात. त्याच 1980 साली आलेल्या लिन एलएम-1 या दुसऱ्या ड्रम मशीनमध्ये खऱ्या ड्रमचे नमुने होते. पण 808 चा बास ड्रम डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) वाढवला की लांब घुमणारा खर्ज होतो, आणि असं वाद्य आधी नव्हतंच. मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 च्या ध्वनिमुद्रिकेत दहा रागांना याच यंत्राचा ठेका दिला.

एक अडचण सांगून ठेवतो. मूळ 808 वर बास ड्रमला लेव्हल, टोन आणि डिके एवढेच नॉब आहेत, सूर लावायची सोय नाही. त्याचा सूर 50 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे साधारण पांढरी पाच. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर हा खर्ज तीव्र मध्यमावर जाऊन बसतो आणि लांब डिकेत तंबोऱ्याशी भांडतो. अशा वेळी डिके अगदी कमी करा, नुसता ठोका राहू द्या. घुमारा हवाच असेल तर सॅम्पल (त्या आवाजाचा ध्वनिमुद्रित नमुना) घेऊन षड्जावर उतरवा.