सा सापडला की ढग येतो

प्रश्न : ताई, मॉड्युलर सिंथसाठी (सुटे भाग तारांनी जोडून आवाज काढायचं यंत्र) १२ व्होल्टवर एलडीआर (उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर) आणि त्याच्याखाली १० किलोओहमचा रेझिस्टर जोडून मधून सीव्ही, म्हणजे नियंत्रणाचं व्होल्टेज, काढलाय. तो सूर काढणाऱ्या ऑसिलेटरला दिला की हात जरासा हलला तरी सूर कुठल्या कुठे पळतो. रात्री ट्यूबलाइट लावली की आवाज खरखरतो तो वेगळाच. एलडीआर बदलू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बदलू नका, तो बिचारा आपलं काम चोख करतोय. तुमचीच जोडणी माझ्या टेबलावर मांडून मल्टीमीटर लावला. उघड्यावर एलडीआर २ किलोओहम, तळहाताखाली ८०. म्हणजे सीव्ही १० व्होल्टवरून थेट १.३ वर. ऑसिलेटरचा हिशेब व्होल्टला एक सप्तक, तेव्हा हाताच्या एका हालचालीत साडेआठ सप्तकं! आपल्या पेटीला साडेतीन असली तरी पुष्कळ. यात मध्यम कुठे शोधणार?

अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा भाग, लावून ही झेप एका सप्तकावर आणता येते. पण उजेडावर गाणं वाजवायच्या भानगडीत पडू नका. मी सहा महिने पडले होते. सा सापडला की ढग यायचा. ऑसिलेटरला कीबोर्ड किंवा सिक्वेन्सर (ठरवलेले स्वर ओळीने वाजवणारा भाग) द्या आणि उजेडाचा सीव्ही फिल्टरला, म्हणजे आवाजाचा पोत बदलणाऱ्या भागाला, द्या. तिथे अर्ध्या व्होल्टची चूक कुणाच्या कानाला बोचत नाही.

आणखी एक गंमत. एलडीआर उजेडात पटकन जागा होतो, अंधारात मात्र रेंगाळत निजतो. अमेरिकेत सिंथ बनवणाऱ्या डॉन बुकला यांनी या आळसाचंच सोनं केलं. एलईडी आणि एलडीआर एकाच बंद डबीत, म्हणजे व्हॅक्ट्रोल, घालून त्यांनी लो-पास गेट, म्हणजे आवाजाची पातळी आणि तेज एकदमच कमी-जास्त करणारा भाग, बनवला. त्यातून निघालेला स्वर लाकडावर टिचकी मारल्यासारखा उठतो आणि हळूच विरतो. फिल्टरवर तुमचा एलडीआर लावून टॉर्च झपकन फिरवा, त्याची चुणूक मिळेल.

खरखरीचा दोष विजेचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, ऑसिलेटरला कळतं. १० किलोओहमच्या रेझिस्टरला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, उणे टोक अर्थकडे. हाताने झाकल्यावर सूर किंचित उशिरा उतरेल, तेवढं चालवून घ्या.

आणि एलडीआरच्या आधी १ किलोओहमचा रेझिस्टर घालाच. पॅच कॉर्ड, म्हणजे भाग जोडायची तार, अर्धवट खोचली तर तिचं टोक अर्थला टेकतं. गॅलरीतल्या भर उन्हात माझा एक एलडीआर असाच करपला.

दिवाळीत पणतीवर करून बघा. मी दरवर्षी करते. ज्योत थरथरते तसा फिल्टर थरथरतो. फक्त पंखा बंद ठेवावा लागतो, त्यावरून घरचे कुरकुरतात.