डुप्लिकेट फाइलींचा प्रोग्राम आणि पुसायची वही

भावा, तुझे प्रश्न दोन आहेत. कोल्हापुरात राजारामपुरीत मामाच्या स्टुडिओतली २ टीबीची डिस्क डुप्लिकेट फोटोंनी भरलीय, ते शोधायला तू पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिलास, आणि तो रात्री लावला तर सकाळी दुकान उघडलं तरी चालूच असतो. दुसरं, आखणी करायला ती पुसून परत वापरायची वही घ्यावी का. वहीचं शेवटी बघू.

तू प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटवरून निघणारा छोटा ठसा, काढतोयस, म्हणजे अख्खी डिस्क वाचतोयस. यूएसबीच्या फिरत्या डिस्कला सेकंदाला १०० एमबी धरले तरी २ टीबीला साडेपाच तास, आणि बारक्या फाइलींच्या ढिगात तेवढा वेग कुठला मिळायला! एमडी५ या हॅशच्या पद्धतीजागी दुसरी लावून काही होणार नाही. घोडं डिस्कपाशी अडलंय.

आधी नुसती साइज घे. त्यासाठी फाइल उघडावीही लागत नाही. पायथॉनच्या डिक्शनरीत (किल्ली आणि तिच्यासमोर माहिती, अशी यादी) साइज ही किल्ली, समोर त्या साइजच्या फाइलींची यादी. जिच्या यादीत एकच नाव, ती बाद. तिला जोडीदार असूच शकत नाही. जेपेग फोटोंची साइज सहसा एकसारखी येत नाही, त्यामुळं बहुतेक गर्दी इथंच पांगते. उरलेल्यांचे पहिले आणि शेवटचे ६४ केबी वाचून हॅश काढ. शेवटचे अशासाठी की व्हिडिओंची सुरुवात पुष्कळदा सारखी निघते. त्यातूनही जुळले त्यांचाच पूर्ण हॅश, आणि तोही तुकड्या-तुकड्यानं. तू अख्खी फाइल एका दमात मेमरीत घेतोयस, लग्नाचा ३० जीबीचा व्हिडिओ आला की मशीन मान टाकणारच. शून्य बाइटच्या फाइली सुरुवातीलाच वगळ, नाहीतर त्या सगळ्या एकमेकींची भावंडं निघतात.

आता माझी फजिती ऐक. हॅशची भानगडच नको म्हणून मी एकदा साइजचे गट पाडले आणि थेट पायथॉनच्या फाइलसीएमपी (filecmp) या फाइली ताडणाऱ्या तयार फंक्शननं तुलना केली. फोटो जोतिबाच्या चैत्र यात्रेचे. सासनकाठ्या नाचतायत, गुलालानं आभाळ लाल झालंय, आणि मी बटण दाबून धरलेलं. प्रोग्रामनं एकामागोमाग काढलेले फोटो डुप्लिकेट म्हणून बाजूला काढले. एकात काठी सरळ, दुसऱ्यात निम्मी कललेली, तरी म्हणे एकच! डोकं खाजवत बसलो. मग कळलं, त्या फंक्शनचा ‘शॅलो’ पर्याय आपोआप चालू असतो. साइज आणि बदलाची वेळ जुळली की ते आत न वाचताच ‘सारखं’ म्हणून मोकळं होतं. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या कॉम्प्रेस न केलेल्या रॉ फाइली सगळ्या एकाच साइजच्या, आणि कार्ड फॅट३२ या फॉरमॅटचं, ज्यात बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं लिहिली जाते. दोन सेकंदांत पाच फोटो, पाचही ‘डुप्लिकेट’. तो पर्याय बंद करूनच वापर.

वाचलो ते एवढ्याचमुळं की मी काही पुसत नव्हतो, ‘संशयित’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवत होतो. तुझ्या प्रोग्राममधली ती डिलीटची ओळ आजच काढ. हलव, आणि कुठली फाइल कुठून कुठं गेली ते सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) लिहून ठेव. एमडी५ चं म्हणशील तर २००४ सालीच दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ काढून दाखवला गेलाय, पण मामाच्या लग्नाच्या अल्बमवर तेवढी मेहनत कोण घेतोय? तरी कायमचं पुसण्याआधी बाइट न् बाइट ताडून बघ. हार्ड लिंक असतील तर त्या एकाच फाइलची दोन नावं. एक पुसून जागा तसूभरही सुटत नाही.

व्हॉट्सअपवरून फिरून आलेले फोटो मात्र यात सापडणार नाहीत. ते दाबून लहान केलेले असतात, बाइटच वेगळे. ते काम निराळं, आत्ता त्यात पडू नकोस.

वही घे, हरकत नाही. गटांची चित्रं काढायला, खोडायला मजा येते. तिच्यावर पायलटचं फ्रिक्शन पेन चालतं, ओल्या फडक्यानं पान कोरं होतं. शाई वाळायला पंधरा-वीस सेकंद दे. आपल्या पावसाळ्यात तर जास्तच, नाहीतर तळहातावर सगळा प्रोग्राम उमटतो. ही शाई साधारण ६० अंशांला दिसेनाशी होते. एप्रिलमध्ये मी वही गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून रंकाळ्यावर तासभर बसलो, परत येतो तर पानं स्वच्छ. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली तेव्हा अक्षरं फिकट का होईना, परत दिसली. फडक्यानं पुसलेलं मात्र फ्रीजरलाही सापडत नाही. त्यामुळं हलवलेल्या फाइलींची नोंद त्या वहीत नको, सीएसव्हीतच.

साइजचे गट पाडून किती फाइली उरल्या ते इथं टाक, मग पुढचं बघू.