यॉर्कसाठी कर्ज काढावं की एफडी मोडावी?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं जोडपं, दोघंही पन्नाशी ओलांडलेली. चार महिन्यांनी इंग्लंडला, मुख्यतः यॉर्क पाहायला जायचंय. टूर कंपनीच्या पॅकेजचा खर्च साडेपाच लाख, हाताशी दीड लाख. उरलेल्या 4 लाखांसाठी टूर कंपनीमार्फत 14 टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज घ्यावं, की 5 लाखांची 7 टक्क्यांची एफडी मोडावी? एफडीची मुदत संपायला 14 महिने आहेत. अडीअडचणीसाठी 3 लाख वेगळे ठेवलेत, दरमहा 30 हजार शिल्लक पडतात.

नमस्कार. दोन्ही नको. कर्जाचा हप्ता 19,200 च्या आसपास येतो आणि दोन वर्षांत 61 हजार नुसतं व्याज जातं. एफडी मोडली तर जितके दिवस पैसे ठेवले त्या मुदतीचा दर लावून वर बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापतात, तोही पूर्ण 5 लाखांवर. त्यापेक्षा त्याच एफडीवर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागतील तसे पैसे उचलायची सोय. दर साधारण एफडीपेक्षा एक ते दोन टक्के जास्त, आणि जेवढे उचलाल तेवढ्यावरच व्याज. 8 टक्के धरले, 4 लाख एकदम उचलले आणि दरमहा 30 हजार भरत गेलात, तर व्याज सुमारे 20 हजार होतं आणि एफडी संपते त्याच सुमारास खातं मोकळं होतं. तोवर एफडीचं 7 टक्के व्याज चालूच. विमानाची तिकिटं, हॉटेल, पौंड असं लागेल तसे उचललेत तर याहूनही कमी. त्या 3 लाखांना मात्र हात लावू नका.

एक चूक हमखास होते: व्हिसाच्या अर्जाआधी ओव्हरड्राफ्टची सगळी रक्कम बचत खात्यात आणून शिल्लक फुगवणं. अचानक आलेल्या मोठ्या रकमेवर शंका घेतली जाते. एफडीची पावती आणि पगाराच्या नोंदी दाखवा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. नकार आला तर फी परत मिळत नाही. वर हॉटेलचेही पैसे बुडू नयेत म्हणून रद्द केल्यास पैसे परत न देणारं हॉटेल व्हिसा येण्याआधी घेऊ नका.

आता पॅकेज. तुम्ही पाठवलेल्या कार्यक्रमात यॉर्कला तीन तास आहेत आणि मिन्स्टर, म्हणजे तिथलं जुनं भव्य कॅथेड्रल, नुसतं बाहेरून. ज्या शहरासाठी एवढा खटाटोप, ते असं पाहण्यात मला अर्थ दिसत नाही. मिन्स्टरच्या पूर्वेकडच्या 1405 ते 1408 मधल्या काचचित्रांच्या खिडकीपुढेच तासभर जातो. त्याच पैशांत स्वतः जा, तिथे तीन रात्री राहा, त्याही सोमवार ते गुरुवारच्या. शनिवार-रविवारी, ऑगस्टमधल्या एबोर घोडशर्यतींच्या आणि नाताळ बाजाराच्या दिवसांत भाडी चढतात.

पाहण्यासारखं बरंचसं फुकट आहे: शहराभोवतीचा 3.4 किलोमीटरचा जुना तट, शॅम्बल्सची जुनी गल्ली, नॅशनल रेल्वे म्युझियम. तिथलं मॅलार्ड इंजिन 1938 मध्ये ताशी 126 मैलांनी धावलं होतं. मिन्स्टरला तिकीट आहे. मनोऱ्याच्या 275 पायऱ्यांचे पैसे वेगळे, गुडघे दुखत असतील तर वाचवा. संध्याकाळच्या प्रार्थनेला मोफत बसता येतं, पण तेव्हा फिरून पाहता येत नाही. इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचा परदेशी पर्यटकांचा पास यॉर्कपुरता घेऊ नका. त्यात यॉर्कच्या किल्ल्याचा क्लिफर्ड्स टॉवर येतो, मिन्स्टर आणि यॉर्विक हे व्हायकिंग काळाचं संग्रहालय येत नाहीत. स्टोनहेंज, डोव्हरचा किल्लाही करणार असाल तरच हिशेब करा.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क साधारण दोन तास. आगाऊ तिकीट स्वस्त, पण ठरलेल्या गाडीचंच. ती चुकली तर नवं काढावं लागतं. दोघांचं मिळून रेल्वेभाडं 105 पौंडांच्या वर जात असेल तर 35 पौंडांचं टू टुगेदर रेलकार्ड घ्या, एक तृतीयांश सूट मिळते. दोघांनी एकत्रच प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीची गाडी चालत नाही.

कार्डानं पैसे देताना मशीननं ‘रुपये की पौंड’ विचारलं तर पौंडच निवडा. रुपयांचा दर दुकानदाराची बँक लावते आणि तो महाग असतो. तुमच्या क्रेडिट कार्डावर परकी चलनाचं शुल्क साडेतीन टक्के असेल तर जीएसटी धरून 4.13 टक्के होतं, म्हणजे लाखाला 4,130 रुपये. त्याऐवजी हे शुल्क नसलेलं कार्ड किंवा पौंड भरलेलं फॉरेक्स कार्ड न्या.