रेक टीममध्ये टाकलं तर मुलगा मागे पडेल का?

मी समुपदेशक आहे. एप्रिल-मे आला की माझ्याकडे येणाऱ्या मराठी पालकांकडून एकच काळजी पुन्हा पुन्हा ऐकू येते. न्यू जर्सीतल्या बहुतेक सॉकर क्लबांच्या ट्रायआउट्स, म्हणजे निवड चाचण्या, याच सुमारास होतात, आणि पुढच्या वर्षासाठी हो की नाही ते लगेच कळवून आगाऊ पैसे भरायचे असतात. "ट्रॅव्हल टीममधून काढून गावच्या रेक टीममध्ये टाकावं असं वाटतंय. पण मग तो मागे पडेल का?" थोडं बोलणं झालं की त्याच्या खालचा प्रश्न वर येतो. "आम्ही त्याला अर्धवट सोडायची सवय तर लावत नाही ना?"

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. ट्रॅव्हल टीम म्हणजे निवड होऊन मिळालेली जागा, पगारी कोच, आठवड्यात दोन-तीनदा सराव, शनिवार-रविवारी दुसऱ्या गावी, कधी पेनसिल्व्हेनिया-डेलावेअरपर्यंत सामने, आणि वर्षाचे काही हजार डॉलर. रेक म्हणजे नाव घालेल त्याला जागा, कोच म्हणून कुणाची तरी आई किंवा बाबा, आठवड्यात एखादा सराव आणि शनिवारी सकाळी गावातच मॅच. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एवायएसओ या मुलांच्या सॉकर संस्थेचा तर नियमच आहे की प्रत्येक मुलाला किमान अर्धी मॅच मैदानावर मिळालीच पाहिजे.

प्राजक्ता आणि संदीप (नावं आणि काही तपशील बदललेत) माझ्याकडे आले ते मिहीरच्या पोटदुखीमुळे. मिहीर दहा वर्षांचा. मंगळवारी आणि गुरुवारी, म्हणजे नेमकं सरावाच्या दिवशी, शाळेतून आला की पोट धरून बसायचा. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. टाच मात्र खरोखर दुखत होती. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग सततच्या धावण्याने दुखावतो. साधारण ८ ते १४ या वयात खेळणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं आणि विश्रांतीने बरंही होतं. पण विश्रांती घ्यायची कधी? फॉलचा, म्हणजे सप्टेंबरनंतरचा सीझन संपला की हिवाळ्यात इनडोअर, मग स्प्रिंगचा सीझन, मग उन्हाळी कॅम्प. रविवारची मराठी शाळा त्यात केव्हाच सुटली होती. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की मुलांना आठवड्यात एक-दोन दिवस त्या खेळातून पूर्ण सुट्टी हवी, वर्षात मिळून तीन महिने हवेत, आणि एकाच खेळाला वाहून घेणं शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं. हा अहवाल मी पालकांच्या हातात देते, कारण 'मूल आळशी झालंय' या शंकेला तो परस्पर उत्तर देतो.

प्राजक्ताचा निर्णय जवळजवळ झाला होता. संदीपचा पाय निघत नव्हता.

"ताई, मी सांगलीत क्लबकडून खेळायचो. दहावीचं वर्ष आलं आणि माझी बॅट माळ्यावर गेली, ती गेलीच. याच्या बाबतीत मला तसं करायचं नाहीये."

बापाचं अपुरं राहिलेलं स्वप्न मुलाच्या खांद्यावर! इतकं सरळ निदान समोर आलं की समुपदेशकाने जरा थांबावं असं मी मानते. संदीप ओरडणारा बाप नव्हता. हरल्यावर गाडीत लेक्चर देत नव्हता. मिहीरही त्याला घाबरत नव्हता. मग हे मूल पोट दुखेपर्यंत गप्प का राहत होतं?

मिहीरशी एकटं बोलताना मी सॉकरबद्दल मत विचारलंच नाही. 'तुला आवडतं का?' या प्रश्नाला मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात. मी म्हटलं, "मागच्या शनिवारची मॅच सांग ना मला."

स्कोअर त्याला आठवत नव्हता. कोण जिंकलं हेही नक्की सांगता येईना. पण साइडलाइनवरचं सगळं पाठ होतं. फोल्डिंग खुर्च्या कुठे लावल्या होत्या, बाबाच्या एका बाजूला कोण, दुसऱ्या बाजूला कोण. बाबा थर्मासमधून आल्याचा चहा नेतो आणि आता ते दोन्ही अमेरिकन अंकल तो मागून घेतात. बाबाने काहीतरी जोक केला आणि सगळे मोठ्याने हसले.

"तू खेळत असताना हे सगळं दिसतं?"

"मी बेंचवर असतो ना बराच वेळ. बेंचवरून बाबा दिसतो."

मग स्वतःहूनच म्हणाला, "घरी बाबा लॅपटॉपवर असतो. आमच्याकडे त्याचे फ्रेंड्स कुणी येत नाहीत. मी टीममध्ये नसलो तर तो चहा कुणाबरोबर पिणार?"

इतकी वर्षं हे काम करतेय, पण या वाक्याने माझ्या डोक्यातलं सगळं चित्र फिरलं. स्वप्न बापाकडून मुलाकडे आलं नव्हतंच. मूल बापाचा एकटेपणा सांभाळत होतं. परक्या गावात नोकरीनिमित्त आलेल्या माणसाला 'मिहीरचे डॅड' या नात्याने पहिल्यांदा कुणी तरी हाक मारली होती, बसायला शेजारी जागा दिली होती. घरात हे कुणी बोललं नव्हतं, पण दहा वर्षांच्या मुलाने ते नेमकं टिपलं आणि ती जागा टिकवायची जबाबदारी आपली, असं ठरवून टाकलं.

आपण म्हणतो, मुलांना पालकांच्या अपेक्षा कळतात. माझा अनुभव असा की अपेक्षांच्या आधी त्यांना आपली दुःखं कळतात. स्थलांतरित घरांमध्ये तर फारच, कारण तिथे आई-वडिलांना तिसरं माणूस नसतं.

पुढच्या भेटीत, मिहीरला विचारून, मी हे त्यालाच बाबासमोर सांगायला लावलं. संदीप ऐकून बराच वेळ काही बोलला नाही.

"अरे, पण मी तर तुझ्यासाठी जात होतो."

"मी पण तुझ्यासाठीच जात होतो," मिहीर म्हणाला.

प्राजक्ताला हसू आणि रडू एकदम आलं. पोटदुखीचा उलगडा तिथेच झाला होता. मी त्यावर काहीही भाष्य केलं नाही, आणि ते न केल्याचं मला आजही समाधान आहे.

माझी विचारांची बैठक डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीची आहे. माणूस एखाद्या गोष्टीत आनंदाने टिकतो ते तीन गोष्टींवर: हे मी निवडलंय, हे मला जमतंय आणि इथली माणसं माझी आहेत. मिहीरकडे पहिली नव्हती, बेंचवर बसून दुसरी संपली होती आणि तिसरी तो बाबासाठी सांभाळत होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१४ च्या एका अभ्यासात मुलांनाच विचारलं होतं, खेळात मजा कशाने येते? ८१ कारणं निघाली. मनापासून प्रयत्न करणं, एकमेकांशी नीट वागणं आणि कोचने चांगलं वागवणं ही वरच्या क्रमांकावर होती. जिंकणं बरंच खाली होतं.

आता तुमच्या घरातल्या निर्णयाबद्दल.

आधी हे बघा की मूल नेमकं कशाला कंटाळलंय: खेळाला, त्या टीमला, कोचला, की शरीरच थकलंय? मिहीर सरावाच्या नावाने पोट धरायचा, पण शनिवारी घरी आल्यावर गॅरेजच्या दारावर अर्धा-अर्धा तास चेंडू मारत बसायचा. म्हणजे खेळ जिवंत होता. उलट काही मुलं हरल्यावर ढसाढसा रडतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता क्लीट्स (सॉकरचे बूट) घालून तयार असतात. अशा मुलाला आपल्याला त्याचं रडणं बघवत नाही म्हणून काढू नका. त्याला खालच्या गटाची टीम किंवा कोचशी एक मोकळं बोलणं पुरू शकतं. आणि हे सगळं मॅचनंतर गाडीत विचारू नका. तिथून त्याला कुठे जाता येत नाही.

सोडायचं ठरलं, तरी सुरू असलेला सीझन पूर्ण करावा, कारण बाकीची मुलं त्याच्यावर विसंबून असतात. 'अर्धवट सोडायची सवय' या भीतीला माझं उत्तर हेच आहे. शब्द पाळून, निरोप घेऊन बाहेर पडणं हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे. याला अपवाद दोन. दुखापत असेल किंवा कोच मुलाला अपमानित करत असेल, तर उद्याची वाट बघू नका. कोचला ईमेल तुम्ही लिहा, पण शेवटच्या सरावाला 'थँक यू' मुलाला स्वतः म्हणू द्या.

घरातली भाषा सांभाळा. व्हिडिओ कॉलवर आजोबा विचारणारच, "काय रे, टीममधून काढलं का तुला?" तो प्रश्न येण्याआधीच आजोबांना तुम्ही फोन करा. मिहीरच्या घरी वाक्य ठरलं होतं: "तो आता गावच्या टीममधून खेळतो, शनिवारी सकाळी."

काही गमवावं लागेल हे मुलापासून लपवू नका. जुने मित्र रोज भेटणार नाहीत. रेकमध्ये एखादा मुलगा मैदानात फुलपाखरू बघत उभा असेल आणि तुमच्या मुलाची चिडचिड होईल. मोठ्या हायस्कूलच्या टीममध्ये क्लबमधून आलेल्या मुलांचा वरचष्मा असतो, आणि काही वर्षं बाहेर राहून परत येणं सोपं नसतं, हेही खरं आहे. पण कॉलेज स्कॉलरशिपच्या हिशोबाने दहाव्या वर्षाचे निर्णय घेऊ नका. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण २ टक्के मुलांना खेळासाठी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते, असं कॉलेज खेळांचं नियमन करणारी एनसीएए स्वतःच सांगते.

पालकांनी स्वतःकडे बघण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच बहुतेक जण वगळतात. टीम सुटली की तुमचं काय सुटतं? खुर्च्यांचा कट्टा, व्हॉट्सॲप ग्रुप, हॉटेलच्या लॉबीतल्या गप्पा? त्याची सोय आधी करा, आणि केलीत हे मुलाला दिसू द्या. संदीपने त्या दोन्ही मित्रांना एका रविवारी घरी चहाला बोलावलं. आपणहून कुणाला बोलावण्याची ती त्याची त्या गावातली पहिलीच वेळ. पुढे तो वीकेंडच्या एका क्रिकेट टीममध्येही जायला लागला. मंगळवारचं पोट त्याआधीच दुखायचं थांबलं होतं. टाचेला जरा जास्त वेळ लागला.

रेकमध्ये स्वयंसेवक कोच हवेच असतात, आणि उत्साही बाबांना ते पद लगेच मिळतं. त्या फॉर्मवर खूण करण्याआधी मुलाला विचारा. संदीपने विचारलं. मिहीरने नीट विचार करून सांगितलं, "असिस्टंट चालेल. हेड कोच नको. आणि चहा आण."