चिंबोरीचं बीळ

प्रश्न : आमचे आजे सांगायचे, एका चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळाने गावची शेती खारी झाली. बोटभर बीळ आणि एवढं नुकसान, हे जरा वाढवून सांगितलेलं ना?
– एक वाचक, पेण

उत्तर : अजिबात नाही. माझं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवून तिथे भात पिकवतात. आमच्या बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली तीही अशाच बिळाने.

बाबा दुपारी बांधावर गेले, तेव्हा शेताच्या बाजूने मनगटाएवढी धार लागली होती. बांध थोडा झिरपतोच, पाणी निवळ असेल तर घोर नाही. हे गढूळ होतं, म्हणजे बांधाची माती निघाली होती. माती गेली की भोक वाढतं, भोक वाढलं की पाण्याला जोर येतो, आणि ते आणखी माती नेतं. बाबांनी पेंढा आणि चिखल कोंबून पाहिला, ठरेना. माणसं बोलावून आणेपर्यंत वरचा बांध खचला आणि बैलगाडी जाईल एवढी खांड पडली.

बीळ काही त्या दिवसाचं नव्हतं. पण भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी त्याच्या तोंडापर्यंत पोचतच नव्हतं. त्या दिवशी अमावास्येचं उधाण, म्हणजे मोठी भरती, होती. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातली मोठी भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. वीतभर जादा पाण्याने काम केलं.

आणि खांड बांधली की शेत परत मिळतं, असंही नाही. पाणी ओहोटीला जातं, मीठ मातीत राहतं. ते पावसाच्या पाण्याने धुऊन उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, बाहेर काढायचं, त्याला पावसाळे जातात. खारीत तग धरणारं भात आहे, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्याचे वाण काढलेत. पण रोज दोनदा खाडी आत येत असेल तर तेही काय करणार? भरतीबरोबर तिवराचं, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळ झाडाचं, बी मात्र येतं आणि रुजतं. एकदा कांदळवन माजलं की तोडता येत नाही. उच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली. मासळीची पिल्लं तिथेच वाढतात, त्यामुळे मला ती मनाई पटते. बाबांना कधीच पटली नाही.

आमची खांड तिसऱ्या दिवशी ओहोटी साधून बांधली. खालच्या खाचरात पुन्हा भात लागलं नाही. सातबाऱ्यावर ते अजून भातशेतीच आहे. प्रत्यक्षात तिथे भावाचं जिताडा माशांचं तळं आहे.