आमच्या घराण्याकडे सासवडजवळ इनाम जमीन आणि वाडा होता. जुने कागद पुण्यात कुठे मिळतील?

कौन्सिल हॉलजवळच्या पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, आधी शोधा. मी मोडी वाचतो आणि इनामदार घराण्यांचे कागद तिथेच बसून लावून देतो. मूळ सनदेच्या, म्हणजे इनाम दिल्याच्या अधिकृत पत्राच्या, मागे लगेच धावू नका. सगळ्यात कामाचं सापडतं ते इनाम कमिशनच्या कागदांत. १८५२ च्या कायद्यानंतर कंपनी सरकारने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा घराण्यांनी कैफियती, म्हणजे आपल्या हक्काची लेखी हकीकत, दिल्या. इनाम कुणी, कशासाठी दिलं, पुढे भावाभावांत कसं वाटलं गेलं, हे त्यांत येतं आणि बऱ्याचदा वंशावळही जोडलेली असते. शंभर वर्षांचा घरचा इतिहास एका बैठकीत हाती लागतो, हे मी पाहिलंय! कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात, आडनावांप्रमाणे लावलेले नसतात, त्यामुळे नुसतं आडनाव सांगून भागत नाही. जाताना एवढं हाताशी ठेवा:

- गाव, जुना परगणा किंवा तर्फ
- इनामाचा प्रकार (जातइनाम म्हणजे व्यक्तीला दिलेलं, देवस्थान, वतन)
- पणजोबांच्या मागच्या निदान एका पिढीचं नाव

मोडी येत नसेल तर जाणकाराला सोबत न्या. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही एक चक्कर मारा.

एक मात्र लक्षात घ्या, या कागदांवरून आज जमिनीवर हक्क सांगता येत नाही. जातइनामं १९५० च्या दशकात कायद्याने खालसा झाली. मालकीचा प्रश्न असेल तर पुरंदर तहसीलमधून जुने सातबारे आणि फेरफार काढा, वाडा गावठाणात असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिकाही.